बंदरावर अडवलेला माणूस

(अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१८८८ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस हाँगकाँगहून निघालेले 'अफगाण' नावाचे एक ब्रिटिश जहाज ऑस्ट्रेलियातील मेलबर्न बंदरात येऊन थांबले. जहाजावर २६८ चिनी उतारू होते. त्यांपैकी एकाचे नाव चुन तीयोंग तॉय. व्हिक्टोरिया वसाहतीच्या १८८१ च्या कायद्याप्रमाणे बाहेरून येणाऱ्या चिनी माणसाला किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी दहा पौंड डोईपट्टी भरावी लागे, आणि जहाजाच्या दर शंभर टन वजनामागे एकाच चिनी उतारूला आणण्याची मुभा असे. या हिशेबाने 'अफगाण'ला चौदा माणसे आणता येत होती. २५४ अधिक होती. तॉयच्या वतीने दहा पौंड देऊ करण्यात आले. जकात खात्याचा प्रमुख मस्ग्रोव्ह याने ते स्वीकारण्यास नकार दिला. पट्टी स्वीकारली तर माणसाला उतरू द्यावे लागेल, आणि माणसाला उतरू द्यावयाचे नाही, असा मंत्रिमंडळाचा निर्णय झालेला होता.

अशा वेळी गरीब माणूस बहुधा मुकाट्याने माघारी जातो. तॉयच्या नावाने मात्र वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयात दावा उभा राहिला. त्याचे म्हणणे सरळ होते. कायद्याने पट्टी ठरवली आहे, ती देण्याची तयारी आहे. मग कोणत्या कायद्याने अडवले? सहा न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. चौघांनी तॉयच्या बाजूने निर्णय दिला आणि दीडशे पौंडांची भरपाई मान्य झाली. एका परक्या चिनी माणसाने इंग्रजी न्यायालयात इंग्रजी सरकारविरुद्ध मिळवलेला हा विजय लहान नव्हता.

परंतु तो टिकला नाही. सरकारने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८९१ मध्ये तेथे निर्णय फिरला. जहाजाने मर्यादेपेक्षा अधिक माणसे आणली असता पट्टी स्वीकारण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक दूरगामी होते: परकीय माणसाला ब्रिटिश प्रदेशात प्रवेश करण्याचा असा कोणताही हक्क नाही, की जो त्याला न्यायालयातून बजावून घेता येईल. हे तत्त्व पुढे इंग्रजी कायदा चालणाऱ्या अनेक देशांच्या न्यायालयांत पुन्हा पुन्हा उद्धृत झाले. तत्त्व अमर झाले. ज्याच्यावर ते प्रथम लादले गेले तो माणूस मात्र कायद्याच्या पुस्तकांत केवळ एका खटल्याचे शीर्षक होऊन राहिला.

समाजवादी कार्यकर्त्याने शीर्षकापाशी थांबता कामा नये. अशा माणसाचे आयुष्य कोणत्या परिस्थितीत घडत होते, हे त्याने विचारले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाकडे जाणारे चिनी बहुसंख्येने क्वांगतुंग प्रांतातील शेतकरी कुटुंबांतून आलेले असत. त्या प्रांताने एकाच पिढीत दोन अफूयुद्धे, बंडे आणि दुष्काळ पाहिले होते. आणि या अफूचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. तिच्यावरील करातून कंपनी सरकारची तिजोरी भरत होती आणि तिच्या व्यापारातून मुंबईतल्या कित्येक नामांकित घराण्यांची संपत्ती उभी राहिली. या व्यापाराला चिनी सरकारने विरोध केला, तेव्हा ब्रिटिशांनी तोफा डागल्या. १८६० च्या पेकिंग कराराने तर ब्रिटनने चीनकडून असेही कबूल करून घेतले की, परदेशी मजुरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या चिनी प्रजाजनांना यापुढे अडवले जाणार नाही. अठ्ठावीस वर्षांनी त्याच साम्राज्याच्या बंदरात त्याच चिनी प्रजाजनाला अडवण्यात आले. जाण्याचे स्वातंत्र्य युद्ध करून मिळवायचे आणि येण्याचे स्वातंत्र्य कायद्याने नाकारायचे, अशी ही साम्राज्याची नीती होती.

प्रवासाचे भाडे गरिबापाशी कोठून असणार? ते व्यापारी उधारीने देत. परदेशी गेल्यावर मजुराने आपल्या कमाईतून ते व्याजासह फेडावयाचे. फिटेपर्यंत तो मोकळा नसे. या जिल्ह्यातल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. पाथर्डी-शेवगावकडची आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली ऊसतोड टोळी मुकादमाकडून जी उचल घेऊन निघते, तिचाच हा समुद्रापलीकडचा अवतार होता.

१८५० नंतर व्हिक्टोरियात सोने सापडले तेव्हा हजारो चिनी तिकडे गेले. १८५५ मध्ये वसाहतीने पहिल्यांदा दहा पौंडांची पट्टी बसवली. ती चुकवण्यासाठी जहाजे त्यांना शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब या लहानशा बंदरावर उतरवीत, आणि तेथून ही माणसे खांद्यावर कावड घेऊन रांगेने शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या खाणींवर पोहोचत. सोने आटल्यावर काहींनी शहरांच्या कडेला भाजीपाल्याचे मळे केले, काही मेलबर्नच्या लाकूडकामाच्या कारखान्यांत शिरले. तेथील चिनी सुतारांनी पुढे स्वतःची कामगार संघटना बांधली आणि आपल्याच चिनी मालकांविरुद्ध संप केले. चिनी मजूर जात्याच आज्ञाधारक असतो, त्याला संघटना कळत नाही, असे जे त्या काळी सर्रास सांगितले जाई, त्याला हे त्या सुतारांनी कृतीने दिलेले उत्तर होते. पण गोऱ्या कामगारांच्या संघटनांनी त्यांना आपले मानले नाही. १८९६ च्या कारखाना कायद्याने व्हिक्टोरियात फर्निचरवर ते युरोपीय श्रमाचे की चिनी श्रमाचे, असा शिक्का मारणे सक्तीचे केले. खुर्ची तीच, रंधा तोच, घामही तसाच. शिक्का तेवढा निराळा!

येथे आपल्या चळवळीच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मेलबर्नहून 'अफगाण' सिडनीला गेले. ते पोहोचण्यापूर्वीच ३ मे १८८८ रोजी तेथे प्रचंड सभा भरली आणि हजारोंचा जमाव पार्लमेंटच्या इमारतीवर चालून गेला. चिनी उतारूंना उतरू देऊ नये, एवढीच मागणी होती. त्या जमावात कामगार मोठ्या संख्येने होते. मुख्यमंत्री हेन्री पार्क्स यांनी उतारूंना जहाजावरच डांबून ठेवले. तेथील न्यायालयाने लो पाक या उतारूच्या अर्जावर बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, आदेश देऊन हे कृत्य बेकायदा ठरवले. सरकारने त्यावर घाईघाईने नवा कायदा केला: पट्टी शंभर पौंड आणि तीनशे टनांमागे एक माणूस. 'अफगाण'वरील अनेकांना शेवटी हाँगकाँगची वाट धरावी लागली.

या कामगारांना नुसते वर्णद्वेष्टे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. १८७८ मध्ये तेथील एका मोठ्या आगबोट कंपनीने कमी पगारावर चिनी खलाशी भरती केले. त्याविरुद्ध खलाशांनी मोठा संप केला आणि अनेक बंदरांत त्याला पाठिंबा मिळाला. त्या खलाशांची भीती काल्पनिक नव्हती. मजुरी खरोखरच पाडली जात होती. परंतु ती पाडणारा हात कोणाचा होता? कमी पगार चिनी खलाशाने ठरवला नव्हता, कंपनीने ठरवला होता. दोघांनाही सारखेच वेतन मिळावे, ही मागणी झाली असती तर कंपनीचा डाव तेथेच संपला असता. त्याऐवजी दुसऱ्यालाच हाकलण्याची मागणी पुढे रेटली गेली. कंपनी सुरक्षित राहिली आणि कामगार एकमेकांचे वैरी झाले.

या संदर्भात तॉयच्याच खटल्यातील एक तपशील अंतर्मुख करणारा आहे. वसाहतीचे सरन्यायाधीश जॉर्ज हिगिनबॉथम यांनी अल्पमतात राहून तॉयच्या विरुद्ध निकाल दिला. स्वराज्य मिळालेल्या वसाहतीच्या मंत्रिमंडळाला परक्यांना रोखण्याचा अधिकार असलाच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. हेच हिगिनबॉथम दोन वर्षांनी, १८९० च्या गोदी व जहाज कामगारांच्या महासंपात, संपकऱ्यांच्या निधीला उघडपणे पैसे पाठवणारे न्यायाधीश म्हणून प्रसिद्ध झाले. कामगारांविषयीची त्यांची कळकळ खरी होती. तिची सीमा मात्र बंदराच्या धक्क्यापाशी संपत होती. आपल्याही कळकळीची सीमा कोठे संपते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने तपासून पाहावे, यासाठी हे उदाहरण सांगावयाचे.

साम्राज्याला चिनी माणूस नकोसा होता, असे समजण्याचे मात्र कारण नाही. त्यासाठी फार दूर जावयाची गरज नाही. आपल्या महाबळेश्वरला १८६४ पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. पूर्वेकडील ब्रिटिश न्यायालयांनी काळ्या पाण्याची शिक्षा दिलेली ही माणसे समुद्रमार्गे मुंबई इलाख्यात आणली जात. आणि इकडचे कैदी सिंगापूर-पेनांगकडे पाठवले जात. महाबळेश्वरला साहेबांच्या बंगल्यांसाठी भाजी व बटाटे पिकवणे, वेताच्या वस्तू विणणे, ही कामे या कैद्यांकडून होत. तेथील एका धबधब्याला अजूनही 'चायनामन्स फॉल' म्हणतात. आज पर्यटक तेथे उभे राहून छायाचित्रे काढतात. त्या नावामागे बेड्या घातलेला मळेकरी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. बेडीतला चिनी मुंबई इलाख्याच्या डोंगरावर चालत होता. स्वतःच्या पायांनी, पट्टी देऊन मेलबर्नला उतरू पाहणारा चिनी चालत नव्हता.

भांडवलाला श्रम हवे असतात. श्रमाबरोबर येणारा हक्क मागणारा माणूस नको असतो. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींसाठी १९०४ पासून साठ हजारांहून अधिक चिनी मजूर कराराने नेण्यात आले आणि काम संपताच १९१० पर्यंत परत धाडण्यात आले. मॉरिशस, नाताळ, फिजी येथे आपली गिरमिटिया माणसे याच नियमाने गेली. त्यांत मॉरिशसला गेलेली मराठी कुटुंबेही होती. आणि देशातल्या देशात १८५९ चा तेरावा कायदा होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला दंडाधिकारी तीन महिन्यांपर्यंत कैदेत टाकू शके. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी तंटा. मजुराने मोडला तर तो फौजदारी गुन्हा! १९२६ पर्यंत हा कायदा जारी होता. म्हणजे निघून जाणारा मजूर गुन्हेगार आणि येऊ पाहणारा मजूर अनधिकारी, अशा कात्रीत न्यायालयांनी श्रमिकाला धरले होते.

तॉयला प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, तू परका आहेस म्हणून तुला हक्क नाही. मग जो परका नव्हता, त्याला काय उत्तर मिळाले? २३ मे १९१४ रोजी 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ हिंदी उतारूंना घेऊन कॅनडातील व्हँकूव्हर येथे पोहोचले. ते बादशहाचे प्रजाजन होते. त्यांच्यातले कित्येक ब्रिटिश फौजेत नोकरी केलेले होते. त्यांच्या वतीने मुन्शी सिंग यांचा दावा न्यायालयात गेला. जुलैमध्ये तो एकमताने फेटाळला गेला. आपल्या सीमेत कोणाला येऊ द्यावे हे ठरवण्याचा कॅनडाला पूर्ण अधिकार आहे, मग येणारा ब्रिटिश प्रजाजन का असेना, असे कारण देण्यात आले. दोन महिने बंदरात अडकवून जहाज परत पाठवले गेले आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी कलकत्त्याजवळ बजबज येथे त्याच्या उतारूंवर गोळीबार झाला. त्यात अनेक जण मृत्यू पावले. परक्याला परका म्हणून नाकारले आणि प्रजाजनाला प्रजाजन असूनही नाकारले. दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवली म्हणजे कायद्याच्या भाषेखाली काय दडले होते ते उघड होते. दोघांचा खरा अपराध एकच होता. ते गोरे नव्हते आणि श्रीमंतही नव्हते.

या अन्यायाला उत्तर देण्याचा प्रयत्न जगाच्या समाजवादी चळवळीने केला नाही असे नव्हे. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. मादाम कामा यांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला तीच ही परिषद. तिच्या विषयपत्रिकेवर स्थलांतरित मजुरांचा प्रश्न होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांतील काही प्रतिनिधींना आशियाई मजुरांवर निर्बंध हवे होते. दीर्घ वादानंतर परिषदेने वंश किंवा राष्ट्र पाहून प्रवेश नाकारणे प्रतिगामी व निष्फळ ठरवले. त्याच ठरावात करारबद्ध मजुरांच्या आयात-निर्यातीवर बंदी, सर्वांना समान हक्क आणि कामगार संघटनांची दारे स्थलांतरितांना खुली करणे, या मागण्या होत्या. मजुरी पडण्याची भीती ठरावाने नाकारली नाही. तिच्यावरचा इलाज दुसऱ्याला हाकलणे नसून त्याला संघटनेत घेणे हा आहे, असे सांगितले. ठराव झाला, पण देशोदेशीच्या पक्षांनी तो कितपत पाळला, याचे उत्तर सुखावह नाही.

काही ठिकाणी मात्र तो ठराव न वाचताही आचरला गेला. ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांना सक्तीने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावयास लावणारा कायदा आला, तेव्हा हिंदी आणि चिनी समाज दोघेही त्याविरुद्ध उभे राहिले. चिनी मंडळींचे पुढारी ल्युंग क्विन आणि गांधीजी एकाच वेळी जोहान्सबर्गच्या तुरुंगात होते. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांना तडजोडीचे जे पत्र गेले, त्यावर गांधीजी, ल्युंग क्विन आणि थंबी नायडू या तिघांच्या सह्या होत्या. न्यायालयात एकटा तॉय हरला. तुरुंगात सोबत गेलेल्या माणसांशी मात्र सरकारला बोलणी करावी लागली.

तुरुंगाचे नाव निघाले की या गावाला आपला किल्ला आठवल्याशिवाय राहत नाही. बोअर युद्धात पकडलेले कैदी आफ्रिकेतून आणून साम्राज्याने याच किल्ल्यात ठेवले. १९४२ ते १९४५ मध्ये पंडित नेहरू आणि त्यांच्याबरोबर समाजवादाचे आचार्य नरेंद्र देव येथेच बंदिवान होते. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोठेही नेण्याची आणि कोठेही अडवण्याची सत्ता म्हणजे काय, हे सांगणारी ही भिंत आपल्या दारात उभी आहे.

पण केवळ इंग्रजांकडे बोट दाखवून चालणार नाही. १९६२ च्या सीमायुद्धानंतर आपल्याच प्रजासत्ताकाने आसाम, बंगाल आदी भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेली माणसे होती. चहाच्या मळ्यांवर कामासाठी एकोणिसाव्या शतकात आणलेल्या मजुरांचे वंशज होते. त्यांच्यावर खटले चालले नाहीत. काहींची घरे व मालमत्ता लिलावात गेली. युद्ध दोन सरकारांचे होते. शिक्षा चेहऱ्याला झाली.

आणि २००८ साली आपल्या महाराष्ट्रात काय घडले? उत्तरेकडून आलेल्या मजुरांना मुंबई, नाशिक, पुणे येथे मारहाण झाली आणि भीतीने हजारोंनी गावाची गाडी धरली. त्यांना तर तॉयसारखा 'परका' असा शिक्काही लावता येत नव्हता. देशात कोठेही जाण्याचा आणि कोठेही वस्ती करण्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. तरी सिडनीच्या सभेतले शब्दच पुन्हा मराठीतून ऐकू आले. कमी मजुरीवर माणसे ठेवणाऱ्या ठेकेदाराच्या दारावर तेव्हा किती मोर्चे गेले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

या जिल्ह्याने सहकारी साखर कारखानदारीत देशाला वाट दाखवली. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्याला मालक करण्याचे स्वप्न त्यामागे होते. पण ज्याच्या कोयत्याने हंगाम सुरू होतो तो तोडकरी सभासद नाही. तो हंगामापुरता येतो, उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीत राहतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षाशी बांधला जातो. त्याच्या मुलाची शाळा एका गावात आणि आईबाप दुसऱ्या गावात. त्याला बंदरावर कोणी अडवत नाही, हे खरे. परंतु गावात येऊनही तो गावाचा होत नाही. त्याची पट्टी कोणी स्वीकारत नाही आणि त्याची नोंदही कोणी घेत नाही.

म्हणून तॉयच्या खटल्यातून कार्यकर्त्याने घ्यावयाचा बोध अगदी व्यवहारातला आहे. आपल्या तालुक्यात येणारी टोळी कोणाची, तिने किती उचल घेतली, हिशेबाची चिठ्ठी तिच्या हाती आहे की मुकादमाच्या, याची नोंद युनियनने ठेवावी. औद्योगिक वसाहतीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला संघटनेचा अर्ज प्रथम त्याच्या भाषेत द्यावा. समान कामाला समान दाम ही मागणी स्थानिकाच्या आणि परप्रांतीयाच्या वतीने एकाच निवेदनात करावी. दोन निवेदने झाली की मालक जिंकला असे समजावे. आणि जेथे 'बाहेरच्यांना हाकला' अशी घोषणा उठेल, तेथे ती लोकप्रिय आहे म्हणून गप्प बसू नये.

चुन तीयोंग तॉयने दहा पौंड पुढे केले होते. हे पैसे घेऊ नका, असे सरकारने सांगितले आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या कामगारांनीही त्याला दुजोरा दिला. सरकारचे काम सरकारने केले. कामगारांनी त्या दिवशी आपले काम केले नाही. ते काम अजून शिल्लक आहे.